अक्षर आणि खूण : माळव्यातील दोन संहिता

धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ साली, भोजशाळा व कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत एक कोरीव शिला आढळली. तीवर राजगुरू मदन याची ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका होती. चार अंकांपैकी पहिले दोनच. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीची ही रचना होय.

दगडावर नाटक कोरले म्हणजे अक्षरे सलग लागतात. पात्राचे नाव, रंगसूचना, गद्य, श्लोक, संस्कृत, प्राकृत, सारे एकाच वळणाच्या अक्षरांत ओळीमागून ओळ वाहत जाते. कोण बोलतो आणि कोणत्या भाषेत, हे जाणत्याने ओळखावयाचे. पुढे हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ही संहिता संपादिली, तेव्हा हे भेद त्यांना कागदावर दाखवावे लागले. त्या ग्रंथमालेच्या प्रथेत अस्पष्ट अक्षर चौकटी कंसात येते आणि संपादकाने पुरविलेल्या अक्षराशेजारी तारका असते. कंस काय किंवा तारका काय, मदनाची नव्हेत. तरी ती पुसली तर दगड कोठे बोलतो आणि पंडित कोठे, हे कळावयास मार्ग उरत नाही.

संगणकावर ग्रंथ सिद्ध करू लागल्यावर हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९८७ साली पाश्चात्त्य विद्वानांनी टीईआय या नावाने संहितेत खुणा घालण्याचे नियम ठरविण्यास आरंभ केला. १९९८ साली प्रमाण ठरलेली एक्सएमएल ही खूणपद्धती आज त्यांचा आधार आहे. तत्त्व साधे आहे : मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगावे. ‘हे पात्राचे भाषण’, ‘ही रंगसूचना’, ‘हे प्राकृत’, ‘हे अक्षर संदिग्ध’ अशा खुणा मजकुराच्या दोन्ही अंगांस लावल्या, म्हणजे छापील प्रत, ई-पुस्तक व शब्दसूची एकाच मुळातून काढता येतात.

तत्त्व ऐकावयास रूक्ष वाटते. त्याची खरी किंमत कळते ती देवासला. १९४८ पासून देवासवासी झालेल्या कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ मौज प्रकाशनाने १९६५ साली काढला. त्यात त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह दिल्या आहेत. भातखंडे यांनी रूढ केलेल्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराखाली टिंब आणि मींडेवर कमान. आता समजा, भैरवाची सरगम संगणकावर टंकलिखित केली आणि रेघ ही केवळ अधोरेखन म्हणून दिली. ती संहिता एका साधनातून दुसऱ्यात साध्या मजकुराच्या रूपाने नेली की अधोरेखन गळते. कोमल ऋषभ व कोमल धैवत शुद्ध होतात, आणि वाचकाच्या हाती भैरवाऐवजी बिलावल थाटाचे स्वर येतात! एकही अक्षर चुकलेले नसते, म्हणून मुद्रितशोधकालाही संशय येत नाही. ‘कोमल’ अशी खूण स्वरासच लावलेली असती, तर रेघ काढावी की आणखी काही करावे हे छापणाऱ्याने आपल्या सोयीने ठरविले असते. जुने ग्रंथ ई-पुस्तकरूपाने देऊ इच्छिणाऱ्या आपल्या संस्थांनी कंत्राट देताना पृष्ठांची सुबकता पाहण्यापूर्वी हे तपासावे, असे आम्हांस वाटते.

मात्र धारच्याच त्या वास्तूत या नियमाची कसोटी पाहणारा एक नमुना आहे. तेथील सर्पबंधात वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत कोरले आहेत. येथे आकृती हा अलंकार नव्हे. व्याकरणाची मांडणीच तिच्यात आहे. ‘रूप सोडा, अर्थ धरा’ म्हणावे तर रूपातच अर्थ गुंतलेला. अशा ठिकाणी अक्षराबरोबर त्याची जागाही नोंदवावी लागते. छायाचित्राचे विभाग पाडून प्रत्येक विभाग त्यातील अक्षराशी जोडण्याची सोय टीईआयमध्ये आहे. पण नाग कोठून वाचावयास घ्यावा, हे आधी व्याकरण जाणणाऱ्यानेच ठरवावे लागेल.