ध्वनिक्षेपणाच्या वाटा आणि भोपाळ

नभोवाणीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा बोलणाऱ्यांचाच विचार करतो. कोणाचे व्याख्यान गाजले, कोणती श्रुतिका लोकप्रिय झाली, एवढ्यावर लेखणी थांबते. तो शब्द एका गावाहून दुसऱ्या गावी कोणत्या वाटेने गेला, हा प्रश्न अभियंत्यांचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः कोणाचा आवाज कोणापर्यंत पोचावयाचा, याचा निवाडा पुष्कळदा या वाटेनेच केलेला असतो.

भोपाळचे आकाशवाणी केंद्र ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तेथील केंद्र १६ जुलै १९४८ पासून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलत होते. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागून नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबेही आली. नागपूरचे केंद्र मात्र जागच्या जागी राहिले. मध्यमलहरी दिवसा जमिनीलगत जातात व अंतर वाढेल तशा क्षीण होतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्या दूरवर पोचतात. दोन्ही शहरांत सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तेव्हा भोपाळच्या मराठी घराला नागपूर ऐकावयाचे तर बव्हंशी रात्रीची वाट पाहणे आले, आणि तेही खरखरीतून. राज्याची सीमा कागदावर आखली गेली. कानाची सीमा अशी आखली गेली.

दिल्लीचा आवाज यावयाचा तो लघुलहरींवरून. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. असे कार्यक्रम दूरची केंद्रे ग्राहकयंत्रावर पकडीत व आपल्या प्रक्षेपकावरून पुन्हा सोडीत. आलापाच्या ऐन मध्यावर लहर विरून गेली, तर गायकाचा दोष नसे आणि केंद्राचाही नसे. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. तीही आरंभी मुंबई व मद्रास येथील लघुलहरींच्या प्रक्षेपकांवरूनच ऐकू येई. कालांतराने तिचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित फितींवरून केंद्रोकेंद्री जाऊ लागले. फितीवरील आवाज स्वच्छ खरा, परंतु तिला प्रवासाचे दिवस लागत. आजची वार्ता तिच्यावरून पाठविता येत नसे.

उपग्रहाने ही अडचण दूर केली, पण एक वेगळाच प्रश्न उभा केला. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या दूरचित्रवाणीच्या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती, आणि त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील छत्तीसगढची गावेही होती. या गावांसाठी हिंदी कार्यक्रम तयार होत ते दिल्लीत, आणि बिहार व राजस्थानातील गावांसाठीही तेच केंद्र काम करी. छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात उपग्रह थेट उतरला. त्याची बोली मात्र उपग्रहावर चढली नाही. १९८३ साली इन्सॅट-१ बी अवकाशात गेल्यानंतर आकाशवाणीची केंद्रेही उपग्रहाने जोडली जाऊ लागली. १८ मे १९८८ रोजी नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. देशाच्या मध्यावरचे स्थान म्हणून नागपूर निवडले गेले, हे सयुक्तिकच होते. परंतु कार्यक्रम दिल्लीचे, हिंदी, उर्दू व इंग्रजी भाषांतील. मनोरा नागपूरचा होता, वाणी नागपूरची नव्हती. २०१९ च्या आरंभी ही वाहिनी बंद झाली.

आता प्रसार भारतीने आपल्या कितीतरी केंद्रांचे कार्यक्रम आंतरजालावर आणले आहेत, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात ‘वेव्हज’ हा नवा मंचही उघडला. नागपूरचा मराठी कार्यक्रम भोपाळात भर दुपारी, खरखरीविना ऐकता येतो. १९५६ साली तुटलेला तंतू जुळला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. मला तो अपुरा वाटतो. प्रक्षेपकाला एक श्रोता असो वा एक लाख, वीज तितकीच लागते. आंतरजालावर मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी निराळा प्रवाह सोडावा लागतो. श्रोते वाढले की यंत्रणेवरील भार वाढतो, आणि श्रोत्यालाही डेटाचे पैसे मोजावे लागतात. जुन्या संचाला आपण ऐकतो आहोत हे कोणाला कळत नसे. आता ते कळते, मोजले जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. अंतराचे मोल संपले की मुंबई-दिल्लीचा कार्यक्रम भोपाळला जितक्या सुलभतेने येतो, तितक्याच सुलभतेने भोपाळचाही तेथे जाऊ शकतो. लघुलहरीच्या काळी भोपाळ केंद्राचे अस्तित्व अंतरानेच सिद्ध केले होते. जवळून बोलणारे कोणीतरी हवे होते, आणि त्याने काय बोलावे हा प्रश्न नंतरचा होता. आता तोच प्रश्न पहिला झाला आहे. मालव्याची, बुंदेलखंडाची बोली किंवा येथील मराठी वस्तीचा शब्द ध्वनिमुद्रित करणारे केंद्र येथे नसेल, तर उत्तम वाटेवरूनही तो कोठे जाणार?

घरी एक साधा प्रयोग करून पाहावा. तासाच्या ठोक्याला विविध भारती ट्रान्झिस्टरवर आणि फोनवर एकदम लावावी. ट्रान्झिस्टरचे वेळेचे टिपटिप आधी वाजतात. फोनचे कित्येक सेकंदांनी, कारण आंतरजालावर आवाजाचे तुकडे होतात आणि ते पुन्हा जुळवून साठवावे लागतात. घड्याळ लावावयाचे असेल, तर अजूनही ट्रान्झिस्टरवरच विसंबावे.