जांघेतला गोळा

अकोल्याच्या आमच्या खोलीत पहाटे चारला कंदील लागायचा. अंथरुणातून उठायच्या आधी बाबा उताणे होत, गुडघे दुमडत आणि उजव्या जांघेवर दोन बोटं ठेवून हळूहळू दाबत. गुरगुरल्यासारखा बारीक आवाज यायचा आणि गोळा आत जायचा. मग निजल्यानिजल्याच ते पट्टा बांधत. कमरेभोवती चामड्यानं मढवलेली पोलादी पट्टी, टोकाला लिंबाएवढी गादी, ती नेमकी त्या जागेवर. उभं राहून बांधला तर आतडं आधीच उतरलेलं असतं आणि गादी त्याच्यावरच बसते. उन्हाळ्यात त्या गादीखाली कातडी सोलून निघायची. मी विचारलं तर म्हणायचे, "काई नाई रे बाबू, गोया हाय नुसता. खाली येते अन् वर जाते."

बाबा कापसाच्या जिनात हमाल होते.

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला, त्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. १८९७ ला वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. किती गाठी मुंबईला गेल्या, त्याचे आकडे आहेत. ती गाठ वॅगनपर्यंत ज्यानं नेली त्याच्या अंगाचं पुढं काय झालं, हे मात्र माझ्या हाती आलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. आजची गाठ १७० किलोची असते. ती दोघं-तिघं आकड्यानं ओढतात, लोटतात. पण सरकीचं क्विंटलभराचं पोतं एकट्याच्या पाठीवर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली एका माणसानं उचलायच्या ओझ्याच्या मर्यादेची शिफारस केली, ती ५५ किलोची.

जांघेतला हा गोळा म्हणजे अंतर्गळ, हर्निया. तो ओझ्यानंच होतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं आहे. पुरुषाचं वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतं. त्याची वाट जांघेतून जाते आणि तिथली भिंत कायमची थोडी कच्ची राहते. कुणाची ती वाट जन्मतः नीट बुजतच नाही, कुणाचे स्नायू वयानं सैल पडतात. मग जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं, ओझं, यांपैकी काहीही आतून धक्का देत राहतं. बाबांना ओझं होतंच, शिवाय बिडी होती आणि जिनातल्या कापसाच्या धुळीचा खोकला होता. शंभरातल्या पंचवीसेक पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात याला अंत्रवृद्धी म्हटलं आहे. कारणांमध्ये भार वाहणं, बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं ही आहेत. दाबलं की गोळा आवाज करत वर जातो आणि सोडलं की पुन्हा फुगतो, हेही तिथं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची पहाटेची खोलीच दिसली. झुंजीचं कारण वऱ्हाडात कुणाला समजवावं लागत नाही. १९१४ पासून अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. लंगोट कसला की अंतर्गळ होत नाही, हे आखाड्यातल्या वस्तादापासून पोरापर्यंत सगळे मानत. लंगोटानं आधार मिळतो, पट्ट्यानंही मिळतो. भिंतीतलं भोक मात्र दोन्हींनी बुजत नाही.

१९६९ ला हमालांसाठी माथाडी कायदा आला. तरी मुकादमाला कळलं तर हजेरी जाईल, या धास्तीनं बाबांनी पट्टा धोतराखाली लपवला. लाजही होतीच, जागाच अशी की मायजवळसुद्धा बोलत नसत. १९७९ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, एका रात्री गोळा आत जाईना. दगडासारखा टणक झाला, पोट फुगलं, वांत्या सुरू झाल्या. आम्ही मिठाचा शेक दिला. शेजारच्या काकांनी तेल लावून चोळलं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि चोळून जास्तच इजा होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रात्र गेली. सकाळी दवाखान्यात हातभर आतडं कापावं लागलं. बाबा वाचले, पण पुन्हा पोतं उचललं नाही.

इटलीतल्या पदुआच्या एडोआर्डो बासिनींनी जांघेतली ही भिंत टाक्यांनी बांधून काढायची रीत १८८७ सालीच मांडली होती, म्हणजे बाबांच्या जन्माच्याही आधी. पुढं लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाइन यांनी जाळी बसवायची पद्धत रूढ केली. पण जाळी महाग. तेव्हा आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकारी शल्यचिकित्सकांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथंही मच्छरदाणीची स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच टिकली. दोंडाईच्याचं हे काम मला लॉर्ड मेयोंच्या खामगाव भेटीहून मोठं वाटतं, आणि वऱ्हाड-खानदेशच्या पोरांनी ते शाळेत शिकावं असं मनापासून वाटतं.

गोळा लहान असेल, दुखत नसेल, सहज आत जात असेल, तर डॉक्टर काही काळ थांबूही देतात. पण ते त्यांनी तपासून ठरवायचं. गोळा आत जाईना, दुखू लागला, वांती झाली, तर शेक नको, चोळणं नको, सकाळची वाट नको. अमरावतीला इर्विन रुग्णालय आहे, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे. तुमच्या घरात कुणी धोतराखाली, पँटीखाली पट्टा लपवत असेल, तर त्याचा हात धरून या आठवड्यात तिथं घेऊन जा.