बाळंतविडा आणि घरगुती शिवणकाम

अपत्यजन्मानंतर बाळंतीण व तान्हे मूल यांना माहेरच्या व सासरच्या आप्तेष्ट स्त्रिया जे कपडे, खाद्यपदार्थ व किरकोळ वस्तू देतात, त्यांच्या समुच्चयास मराठीत ‘बाळंतविडा’ म्हणतात. या शब्दातील ‘विडा’ हा मानाच्या देण्याचा निदर्शक होय. अंगडे, टोपडे, झबले, कुंची, लंगोट, दुपटे, लहान गोधडी, मोहरीची उशी, पाळण्यावर टांगावयाचे कापडी खेळणे, तीट-काजळाची डबी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि ऐपतीप्रमाणे वाळे, मनगट्या, बिंदल्या अशी बाळलेणी यांचा त्यात समावेश होतो. दागिने सोनाराकडून येत; परंतु कपडे व खेळणी बहुतांशी घरी हातांनी शिवलेली असत. गर्भवतीच्या सातव्या महिन्याच्या सुमारास घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया या कामाला बसत व घरातील लहान मुले त्यांच्याभोवती असत. मराठी घरात मुलाच्या हाती सुई प्रथम येई, ती बहुधा अशा वेळी.

या कलेचा इतिहास लिहिणे सोपे नाही. राजघराण्यांतील व सरदारघराण्यांतील जरीवस्त्रे जतन झाली. सामान्य घरातील अंगडी-टोपडी एकामागून एक चार-पाच भावंडांच्या अंगावर वापरली गेली, नंतर त्यांची फडकी झाली व अखेर ती चुलीपाशी संपली. मुळात ती जुन्या कापडाचीच असल्याने त्यांचे आयुष्य थोडे होते. शिवणारीचे नाव कोठे लिहिले जात नसे. त्यामुळे शब्द, रूढी आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी हीच येथे मुख्य साधने ठरतात, आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष ठरावीक शतकाला चिकटविणे धोक्याचे आहे.

अंगड्याची बेतणी अगदी साधी असते. समोरून उघडे, आखूड बाह्यांचे हे वस्त्र गुंड्यांऐवजी बंदांनी बांधतात. त्यामुळे मूल वाढले तरी ते काही आठवडे अधिक पुरते. शिवण बाहेरच्या अंगास ठेवतात, कारण तान्ह्याच्या त्वचेला टाक्याची कड टोचते. माप फितीने नव्हे, तर वितीने व बोटांनी घेत. टोपडे कान झाकणारे असून हनुवटीखाली त्याचे बंद येतात. कुंची हा या सर्वांतील देखणा प्रकार होय. टोपी व पाठीवर सोडलेला झगा यांचा तो संयोग असून, आयताकृती कापड दुमडून एक बाजू शिवली व मागच्या भागास चुण्या घातल्या की तिचा मूळ आकार सिद्ध होतो. मुलाला बाहेर नेताना डोके, कान व पाठ एकाच वस्त्राने झाकली जावीत, हा तिचा हेतू. तिच्यासाठी चोळीच्या खणाचे कापड विशेष पसंत केले जाई. उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणलेले खण महाराष्ट्रात सर्वत्र येत. खणाचा काठ चेहऱ्याभोवती येईल अशी कुंची बेतीत आणि त्यावर गोटा, जरीची फीत किंवा मणी लावीत.

नवजात मुलाला प्रथम कोरे कापड न घालता जुने, धुऊन मऊ झालेले वस्त्र घालावे, असा संकेत सर्वत्र आढळतो. आजोबांचे धोतर आणि आजीचे लुगडे यांना यात पहिला मान असे. याचे एक कारण उघडच व्यावहारिक आहे : खळ असलेले नवे कापड कोवळ्या त्वचेला सोसत नाही. दुसरे कारण भीतीचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे दोनशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत. अशा काळात मुलाचे कौतुक उघडपणे करणे म्हणजे दृष्ट ओढवून घेणे, असे मानले जाई. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नवसाच्या मुलाचे नाव भिकू, धोंडू किंवा दगडू असे ठेवीत आणि घरोघर मागून आणलेल्या कापडाच्या तुकड्यांचे अंगडे त्याला शिवीत. दीर्घायुषी माणसाच्या वस्त्रातून आयुष्य मुलाकडे यावे, ही त्यामागची भावना. बाळंतविड्याला केवळ हौसेचे भेटकाम म्हणणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात घेतलेली नसते. त्या टाक्यांत धास्तीचा वाटा हौसेइतकाच होता.

प्रदेशपरत्वे या शिवणकामाचे प्रमाण बदलते. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथे पावसाळा दीर्घ व मुसळधार असतो. आषाढ-श्रावणात जन्मलेल्या मुलाचे कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपले उपडे घालून त्यावर लंगोट व दुपटी शेकून वाळवण्याची रीत कोकणपट्टीत याच गरजेतून रूढ झाली. त्यावर ओवा व धूप यांची धुरीही दिली जाई. म्हणून येथील बाळंतविड्यात नक्षीदार वस्त्रांपेक्षा साध्या लंगोटांच्या चवडीला महत्त्व अधिक. या भागाच्या रानांत सावरीची झाडे आहेत. चैत्र-वैशाखात तिची बोंडे फुटली की मुले ती वेचून आणीत आणि तो कापूस बाळाच्या गादीत व कापडी चिमण्यांच्या पोटात भरला जाई. ठाकर व कातकरी समाजांत बाळंतविड्याचा असा थाट नसतो. जुन्या लुगड्याची झोळी हाच तेथील पाळणा, आणि पावसाळा संपताच वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाबरोबर ती झोळीही जाते. ठाकर स्त्रियांच्या गळ्यांतील मण्यांच्या माळा प्रसिद्ध आहेत.

या तालुक्यांचा बाहेरच्या कापडाशी संबंध लवकर आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याच्या खोपोलीपर्यंत आला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्याच सुमारास मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली होती. गिरणीत कामाला गेलेला माणूस सणाला गावी येताना वजनावर विकली जाणारी चिंधी आणू लागला. आजच्या खोपोली-शिळफाटा परिसरातून जुना मुंबई–पुणे रस्ता जातो. घाट व मुंबई यांमधील ही वाट कापडाचीही वाट होती. गिरणीच्या रंगीत, छापील तुकड्यांमुळे गोधडीचे रूप बदलले. पूर्वी लुगड्याचे दोन-तीन रंग आणि धोतराचा पांढरा, एवढ्यावरच भागवावे लागे. आता तुकडे जुळविण्याला वाव मिळाला.

गोधडी ही घरातील मुलांची पहिली शिवणशाळा मानावी लागेल. जुन्या कापडाचे थर जमिनीवर पसरून ताणून धरावे लागतात. चारही कोपऱ्यांवर मुले बसविली जात. धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशा घालीत नेतात. वृद्ध स्त्रियांची दृष्टी मंदावलेली असल्याने सुईत दोरा ओवण्याचे काम नातवंडांकडे येई. पाच-सहा वर्षांचे मूल ओलसर केलेले दोऱ्याचे टोक नेढ्यातून पार करते, तेव्हा त्याच्या बोटांना जे वळण लागते, ते पुढे पाटीवरील अक्षरालाही उपयोगी पडते. याशिवाय चिंध्या रंगवार लावणे, उसवलेल्या कापडातील दोरे ओढून काढणे, मणी ओवणे, चिमणीत कापूस भरणे ही कामे मुलांची. पाळण्यावर टांगावयाच्या कापडी चिमण्या-पोपटांच्या झुंबरास चिमणाळे म्हणतात. त्यातील प्रत्येक चिमणीची चोच लाल दोऱ्याने भरणे हे थोरल्या भावंडाकडे सोपवीत, आणि येणाऱ्या बाळासाठी आपण काही केले, असे त्याला वाटे. नव्या बाळाबद्दल थोरल्याच्या मनात उपजणाऱ्या मत्सरावर बालमानसशास्त्राने पुढे पुष्कळ लिहिले. आज्यांनी त्यावर हा उपाय आधीच योजलेला होता.

मुली हाच सराव भातुकलीत करीत. चिंध्यांच्या बाहुलीला परकर-पोलके, बाहुल्याला उपरणे, आणि त्यांच्या लग्नानंतर यथाकाल लहानशी कुंचीही शिवली जाई. मुलगे मात्र सात-आठ वर्षांचे झाले की या वर्तुळातून बाहेर पडत. सुई बायकांची किंवा शिंप्याची, अशी वाटणी पक्की होती. साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेण्याची हकीकत आहे. भेट शिवलेल्या वस्त्राचीच आहे, प्रेमही कमी नाही. परंतु शिवणारा शिंपी आहे.

वाटणी आणखीही एक होती व ती अधिक कठोर होती. एकत्र कुटुंबात बालविधवा आत्या किंवा मावशी असे. दुपारच्या निवांत वेळी कुंची-टोपडी शिवणारा हात पुष्कळदा तिचाच असे. शिवण तिच्या हाती बसलेले असे व तिच्याकडे वेळही असे. बारशाच्या दिवशी मात्र ओटी भरण्यास, पाळण्यात मूल घालण्यास किंवा नाव ठेवण्यास सवाष्ण लागे, आणि जिने मुलाचे पहिले वस्त्र शिवले ती माजघराच्या दाराआड राही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच स्त्रियांच्या हातातील सुईला वेगळा अर्थ प्राप्त झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन स्थापिले व पुढे केडगाव येथे मुक्तिसदन चालविले. तेथे निराधार स्त्रियांना अक्षरओळखीबरोबर शिवण-विणकामाचे शिक्षण मिळे. धोंडो केशव कर्वे यांचे हिंगणे येथील कार्य आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनी उभारलेले पुण्याचे सेवासदन यांनी ही परंपरा पुढे नेली. घरात जे फुकटचे काम होते, ते येथे अर्थार्जनाचे साधन झाले.

शिवणयंत्राचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला असला, तरी मध्यमवर्गीय मराठी घरात ते स्थिरावले विसाव्या शतकात. १९३० नंतरच्या दशकात ‘उषा’ हे भारतीय बनावटीचे यंत्र निघाले आणि पुढे ते लग्नात मुलीला देण्याची वस्तू बनले. १९३० मध्येच सुरू झालेल्या स्त्री मासिकासारख्या नियतकालिकांच्या काळात बेतण्यांचे कागदी नमुने, लोकरीचे मोजे व टोपरी यांची आवड वाढली. लोकरीचे विणकाम ही पाश्चात्त्य संपर्काची देणगी. दमट हवेच्या कोकणातही ते रूढ झाले, हे फॅशनचेच लक्षण म्हटले पाहिजे. यंत्रामुळे काम जलद झाले, पण मुले त्यापासून दूर ठेवावी लागली. धावणाऱ्या सुईजवळ लहान बोटांना जागा नव्हती.

याच सुमारास हस्तकामाला शिक्षणशास्त्राची मान्यता मिळत होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी आपल्या बालोद्यानात कागद दुमडणे, विणणे, टोचणे व शिवणे यांचा समावेश केला होता. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम येथे उघडलेल्या बालगृहात गुंड्या लावणे, नाड्या बांधणे यांसाठी कापडी चौकटी वापरल्या. ही साधने महाग होती. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (सध्याचा पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, माती अशी परिसरात फुकट मिळणारी सामग्री त्यांनी शैक्षणिक साधन म्हणून वापरली. येथे मुलगे व मुली यांना एकच काम होते, ही गोष्ट तपशिलाची वाटली तरी महत्त्वाची आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या मूलोद्योग शिक्षणानेही मुलग्यांच्या हाती टकळी दिली होती. तथापि तिच्यात उत्पादनाचा आग्रह होता, तर कोसबाडला मुलाच्या खेळाचा.

शालेय पातळीवर कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिफारस केलेला कार्यानुभव हा विषय महाराष्ट्रात रूढ झाला. त्यातील रुमाल, राख्या व भेटकार्डे मुलांनी करावयाची असली, तरी पुष्कळ घरांतून ती आदल्या रात्री आई करून देई, हे शिक्षकांना व पालकांना सारखेच ठाऊक असे.

शिवणकामाच्या जवळची, पण सुईदोरा गोडाशी जोडणारी एक कला येथे नोंदविली पाहिजे. पहिल्या संक्रांतीला बाळाचे बोरन्हाण करतात. त्या वेळी त्याला काळे झबले घालून हलव्याचे दागिने चढवितात. मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडीत, बोटांनी सतत हलवीत काटेरी हलवा करतात. त्याला काही दिवस लागतात. नंतर तो दोऱ्याने कागदाच्या वा कापडाच्या पट्टीवर गुंफून मुकुट, हार, बाजूबंद घडवितात. दागिने गुंफताना जवळ बसलेल्या मुलांना तुटका हलवा मिळतो, त्यामुळे या कामाला मदतनीसांची वाण कधी पडत नाही.

तयार कपड्यांच्या प्रसारानंतर, विशेषतः १९८० नंतर, बाळंतविडा विकत आणण्याची प्रथा वाढली. पुण्याची तुळशीबाग व मुंबईतील दादर येथील दुकानांत अंगडे, टोपडे, दुपटे यांचे खोक्यात घातलेले संच मिळतात. शहरांतील बहुतेक प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्याने जन्मापूर्वी कपडे घेऊ नयेत हा जुना संकेतही सैल झाला. गोधडीला महिला बचत गटांच्या द्वारे नवे गिऱ्हाईक मिळाले असून ती आता नव्या कापडाचीही शिवतात. खणाची कुंची मात्र टिकून आहे. ती बारशाच्या दिवशी तासाभरासाठी मुलाच्या डोक्यावर चढते, छायाचित्र काढले जाते, आणि पुढच्या भावंडासाठी किंवा शेजारच्या घरातील मागणीसाठी घडी करून ठेवली जाते.