गंधकयुक्त बहुवारिकांचे धातुविरहित संश्लेषण

रेणुसाखळीत गंधकाचे अणू असलेली बहुवारिके धातूंच्या संयुगांचा उत्प्रेरक म्हणून वापर न करता तयार करण्याच्या पद्धतींना धातुविरहित संश्लेषण म्हणतात. धातूचे अवशेष बहुवारिकाला रंग आणू शकतात, तसेच वैद्यकीय व इलेक्ट्रॉनिक उपयोगांत अडचणीचे ठरतात. या पद्धतींत ते टळतात.

पार्श्वभूमी

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराचे व्हल्कनीकरण शोधले. त्यात थोडा गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडतो. आज खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शुद्धीकरणातून गंधक मोठ्या प्रमाणावर मिळतो. त्याचा मुख्य वापर सल्फ्युरिक आम्लासाठी होतो.

पद्धती

उलट व्हल्कनीकरण : ॲरिझोना विद्यापीठातील जेफ्री प्युन व सहकाऱ्यांनी ही पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. गंधक सुमारे १५९° से. पेक्षा अधिक तापविल्यावर आठ अणूंची वलये तुटून मुक्त मूलके बनतात. दुहेरी बंध असलेल्या सेंद्रिय संयुगाशी त्यांचा संयोग होऊन स्थिर बहुवारिक मिळते. यात वेगळा उत्प्रेरक लागत नाही.

सहबहुवारिकीकरण : कार्बोनिल सल्फाइड व इपॉक्साइड यांपासून पॉलिथायोकार्बोनेट बनते. यासाठी पूर्वी क्रोमियमची संयुगे वापरली जात. त्यांऐवजी ट्रायएथिलबोरेन व सेंद्रिय आम्लारी यांची जोडी वापरता येते. बोरॉन धातुसदृश असल्याने ही जोडी धातुविरहित मानतात.

वलय-उद्घाटन : सेंद्रिय आम्लारींच्या साहाय्याने थायोलॅक्टोनची वलये उघडून पॉलिथायोएस्टर तयार होते. काही पॉलिथायोएस्टरांचे पुन्हा मूळ एकवारिकात रूपांतर करता येते.

गुणधर्म व उपयोग

या बहुवारिकांचा अपवर्तनांक सामान्यतः उच्च असतो, म्हणून ती भिंगांसाठी उपयुक्त ठरतात. गंधकाचे प्रमाण अधिक असलेली बहुवारिके अवरक्त किरण पार जाऊ देतात व पाण्यातील पारा शोषून घेतात.

मर्यादा

‘धातुविरहित’ म्हणजे निर्धोक नव्हे. कार्बोनिल सल्फाइड विषारी आहे, तर ट्रायएथिलबोरेन हवेत आपोआप पेट घेते. उलट व्हल्कनीकरणात तापमानावरील नियंत्रण सुटल्यास अभिक्रिया भडकून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडू शकतो.

औद्योगिक महत्त्व

जड धातू सांडपाण्यात गेल्यास जैविक प्रक्रियेतील सूक्ष्मजीवांना अपाय होतो, आणि ते गाळात साठून राहतात. त्यामुळे नदीकाठच्या रासायनिक वसाहतींसाठी उत्प्रेरकाची निवड महत्त्वाची ठरते. रायगड जिल्ह्यातील महाडची औद्योगिक वसाहत अशांपैकी एक आहे. पोलादपूरकडून येणारी सावित्री नदी महाडवरून पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. अशा ठिकाणी धातू सांडपाण्यातून काढण्यापेक्षा तो प्रक्रियेतच न वापरणे अधिक श्रेयस्कर ठरते.