लेहची धावपट्टी आणि दुपारचा वारा

लेहला पोस्टिंग झालेल्या प्रत्येकाने हे अनुभवलं असेल. रजेवर जायचं तर विमान पहाटेचं किंवा सकाळचं. दुपार झाली की सिंधूच्या खोऱ्यातून पश्चिमेकडचा वारा उठतो आणि धावपट्टी सुनी पडते.

ही धावपट्टी पूर्वेकडे चढत जाते. पलीकडे डोंगर. त्यामुळे विमानं साधारणपणे स्पितुकच्या बाजूने येऊन चढावर उतरतात आणि उताराच्या दिशेने उडतात. सकाळी शांत हवेत हे छान जमतं. दुपारी मात्र उतरणाऱ्या विमानाच्या पाठीवर वारा बसतो.

पाठीवरचा वारा काय करतो ते मी मैदानी भागातल्या एका छोट्या पट्टीवर पाहिलं होतं. दोन आसनी विमान, अचानक फिरलेला वारा. चाकं टेकली ती अर्धी पट्टी संपल्यावर, आणि विमान टोक ओलांडून थेट शेतात. माणसं सुखरूप उतरली, पंखा मात्र वाकला. हिशोब सोपा आहे. हवेतला वेग ५५ नॉट असेल, तर समोरून १० नॉट वारा असताना जमिनीवरचा वेग ४५, आणि पाठीमागून तेवढाच वारा असेल तर ६५. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे दुपटीहून थोडं जास्तच. लेह तर १०,६०० फुटांच्या वर. तिथल्या विरळ हवेत घड्याळात तोच आकडा दिसत असताना विमान प्रत्यक्षात १८-२० टक्के जास्त वेगाने धावत असतं.

आता १९४८ आठवा. स्कार्दूला वेढा पडलेला, लेह धोक्यात. मेजर पृथी चंद मूठभर स्वयंसेवक घेऊन फेब्रुवारीच्या बर्फात झोजिला ओलांडून ८ मार्चला लेहला पोहोचले. इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी लडाखी माणसांच्या हातांनी सिंधूकाठी कच्ची पट्टी तयार केली. ना डांबर, ना रडार. २४ मेला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डकोटा उतरवलं. शेजारी जनरल थिमय्या. उतरणं फसलं असतं तर डिव्हिजनचा सेनापतीच गेला असता! थिमय्यांनी तरी बसायचं का ठरवलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. पण ज्या पट्टीवर आपली पोरं पाठवायची, तिच्यावर आधी आपण उतरायचं, हा हिशोब फौजी माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. केबिनमध्ये दाब नसलेलं ते विमान हिमशिखरांवरून नेण्याबद्दल वैमानिक मंडळी अजून बोलतात. मला त्याहून अवघड वाटतो तो शेवटचा मिनिट. खाली कधीच कोणी न उतरलेली माती, आणि पुढे डोंगर.

जूनच्या सुरुवातीला त्याच पट्टीवर गोरखा जवान उतरू लागले. ऑगस्टमध्ये स्कार्दू पडलं. लेह राहिलं.