जनावरांच्या हाडांपासून ऑसीन, जिलेटिन व डायकॅल्शियम फॉस्फेट

कोरड्या हाडात साधारण दोन तृतीयांश खनिज असते, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. उरलेला बहुतेक भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. हे दोन्ही वेगळे करून विकता येतात. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ बामणी येथे ऑसीनचा कारखाना याच कामासाठी उभारण्यात आला.

प्रक्रिया

हाडे फोडून, चरबी काढून, धुऊन वाळवतात. मग ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस भिजवली जातात. खनिज आम्लात विरघळते आणि मागे मऊ, लवचिक ऑसीन उरते. आम्लाच्या द्रावणात चुना घातला की डायकॅल्शियम फॉस्फेट खाली बसते. ते पशुखाद्य व कोंबडीखाद्यात वापरतात. ऑसीन मात्र कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात ठेवावे लागते. त्यानंतर गरम पाण्यात त्याचे जिलेटिन निघते. औषधांच्या कॅप्सूलचे कवच बहुधा त्याचेच असते. हे काम घरगुती नाही. लहान उद्योजकाला हाडांचा चुरा किंवा वाफवलेले हाडांचे खत अधिक परवडते.

गोळा करणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

सर्वात मोठा धोका फाशी अर्थात काळपुळी या रोगाचा. त्याचे जंतू मातीत व हाडांत वर्षानुवर्षे टिकतात आणि हाताच्या जखमेतून माणसाला बाधा होते. जनावर अचानक मेले असेल व नाका-तोंडातून न गोठणारे रक्त येत असेल, तर ते कापू नये, सोलू नये, त्याची हाडेही उचलू नयेत. लगेच 1962 वर पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. बेंगळुरूच्या येलहंका येथील निवेदी ही केंद्रीय संस्था जनावरांच्या अशा रोगांचा जिल्हानिहाय पूर्वअंदाज देते. आपल्या जिल्ह्यात इशारा आहे का, हे पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारता येते. हाडे हाताळताना हातमोजे, बूट व मास्क वापरावेत. हातावर न दुखणारा, मध्ये काळी खपली असलेला फोड दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगावे. अँटिबायोटिक वेळेवर मिळाल्यास हा आजार बरा होतो.

अर्थसाहाय्य व परवानगी

पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी 2020 साली सुरू झाला. पुढे त्यात पशुजन्य कचऱ्यावरील प्रकल्पांचाही समावेश झाला. पात्र कर्जावर 3 टक्के व्याज सवलत मिळते. अर्ज उद्यमी मित्र पोर्टलवर करावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या वर्गीकरणात हाडांची गिरणी लाल श्रेणीत होती. त्यामुळे जागा घेण्याआधीच राज्य मंडळाकडे उभारणीच्या संमतीची चौकशी करावी.