उल्हासनगरमधील सिंधी निर्वासित आणि नागरिकत्वविषयक कायदे

उल्हासनगर हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, मध्य रेल्वेवरील कल्याण आणि अंबरनाथ-बदलापूर यांच्यामधले शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतून ते उभे राहिले. पाकिस्तानातून भारतात येऊन स्थायिक होणाऱ्यांचे नागरिकत्व व्यक्तीच्या आगमनाची आणि जन्माची तारीख यांवर अवलंबून राहिले आहे. त्यामुळे एकाच कुटुंबातील सदस्यांचा कायदेशीर दर्जा वेगवेगळा असू शकतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याण येथील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसवण्यात आली व तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराच्या भागांना आजही ‘कॅम्प’ म्हटले जाते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक ठरवली आहे. अविभाजित भारतात स्वतःचा अथवा आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म झालेली व त्या तारखेपूर्वी स्थलांतर करून येथे राहणारी व्यक्ती नागरिक मानली गेली. त्यानंतर आलेल्यांना किमान सहा महिने वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करणे आवश्यक होते. भारत व पाकिस्तान यांच्यातील प्रवासासाठी १९५२ मध्ये पासपोर्ट व व्हिसा पद्धत सुरू झाली.

कायद्यातील बदल

नंतर आलेल्यांना नागरिकत्व कायदा, १९५५ लागू होतो. भारतात जन्मलेल्या मुलांबाबत त्यातील तरतुदी पुढीलप्रमाणे बदलल्या:

- १ जुलै १९८७ पूर्वीचा जन्म : आई-वडिलांचे नागरिकत्व कोणतेही असले तरी, अल्प अपवाद वगळता, मूल नागरिक.
- १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ : आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असणे आवश्यक.
- ३ डिसेंबर २००४ पासून : दोघेही नागरिक, अथवा एक नागरिक व दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ नसणे आवश्यक.

२००३ च्या दुरुस्तीने अवैध स्थलांतरितांना नोंदणीद्वारे किंवा देशीयकरणाद्वारे नागरिकत्व मिळण्याचा मार्ग बंद केला. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती या व्याख्येत येते.

कुटुंबांवरील परिणाम

भारतीय वंशाची व्यक्ती म्हणून नोंदणी करण्यासाठी स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात झालेला असावा लागतो. पाकिस्तानात १९४७ नंतर जन्मलेल्या आई-वडिलांच्या मुलांना ही अट पूर्ण करता येत नाही. पिढी बदलली की हा मार्ग बंद होतो. भारतीय नागरिकाशी विवाह करून आलेल्या व्यक्तीला अर्जापूर्वी सात वर्षे भारतात राहावे लागते.

अर्ज प्रलंबित असेपर्यंत अनेक कुटुंबे दीर्घकालीन व्हिसावर राहतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील अल्पसंख्याकांना बँक खाते, स्वतःच्या निवासासाठी घर, पॅन व आधार यांची मुभा दिली. त्याच वर्षी काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत ठाणे जिल्ह्याचा समावेश होता. व्हिसाधारकास मतदानाचा अधिकार नसतो.

२०१९ ची दुरुस्ती व त्यानंतर

नागरिकत्व (दुरुस्ती) कायदा, २०१९ नुसार या तीन देशांतील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन समुदायांतील, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या पात्र व्यक्ती अवैध स्थलांतरित मानल्या जात नाहीत. देशीयकरणासाठीचा वास्तव्याचा किमान कालावधी ११ वरून ५ वर्षांवर आणण्यात आला. ११ मार्च २०२४ रोजी नियम जाहीर झाले. त्यांनुसार मुदत संपलेली कागदपत्रेही ग्राह्य धरली जातात. मुस्लिमांना वगळल्यामुळे धर्माधारित भेदभाव होतो, असा आक्षेप घेत कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. छळ झालेल्या अल्पसंख्याकांना संरक्षण देणे हा हेतू असल्याचे केंद्र सरकारचे म्हणणे आहे. २०१४ नंतर आलेल्यांना या कायद्यातील कलम ६ब लागू होत नाही. त्यामुळे एकाच घरातील आधी आलेला भाऊ पात्र ठरतो, तर नंतर आलेला व्हिसावरच राहतो.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले. मात्र हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घकालीन व्हिसा वैध ठेवण्यात आले.